दाब, धर, सोड

अहो, तुमच्या दहाव्याला रामकुंडावर बरीच मंडळी बोलली. सगळ्यांचं म्हणणं एकच, फार शांत स्वभावाचा माणूस गेला. मी बायकांच्या घोळक्यात पदर तोंडाशी धरून बसले होते. एरवी मला हसू आवरलं नसतं. शांत! गाडीखाली पाठीवर पडून, हातात पाना घेऊन, माझ्या नावाने तुम्ही जो शिमगा करायचात, तो ह्यांच्यापैकी कुणी ऐकलाच नव्हता. "दाब! अगं दाब म्हटलं ना! आता धर. धर, सोडू नको. हां, सोड!" जेल रोडला आपल्या गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की त्यांना पहिल्यांदा वाटायचं, ह्या घरात मारहाण चालते की काय. जुन्या लोकांना ठाऊक होतं, की भास्कररावांच्या ट्रकच्या क्लचमधली एअर काढणं चालू आहे.

लोक काहीही म्हणोत, तुमची आठवण मला त्या ओरडण्यासकटच हवी आहे.

परवा आपल्या लेकीच्या, पूनमच्या सासूबाई भेटायला आल्या होत्या. बोलण्यातून बोलणं निघालं आणि त्यांनी विचारलं, क्लचमध्ये तेल कशाला लागतं? मी तुमच्याच शब्दांत सांगितलं. पेडलच्या वरच्या टोकाला एक छोटा पंप असतो, तो वरचा सिलिंडर. पायाने दाबलं की तो तेल ढकलतो. ते तेल नळीतून खाली गिअरबॉक्सपाशी जातं, तिथल्या खालच्या सिलिंडरचा दांडा पुढे सरकतो आणि क्लच सुटतो. मग गिअर पडतो. तेलात हवा शिरली, की पाय नुसती हवा दाबत बसतो आणि खाली काहीच हलत नाही. ती हवा काढायला दोघं लागतात. एकाने वर पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली स्क्रू ढिला करून बुडबुडे सोडायचे, स्क्रू आवळला की मग वरच्याने पाय सोडायचा. हे पुन्हा पुन्हा. "वरचं माणूस मी असायचे," असं म्हटलं आणि माझं मलाच भरून आलं. सासूबाईंना वाटलं, क्लचबद्दल बोलताना ही कशाला रडते.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा केबिनमध्ये चढवलंत. हिरवा चुडा भरलेला होता आणि पाय पेडलपर्यंत नीट पोचत नव्हता. पाठीशी उशी लावून दिलीत. तेव्हापासून गाडी बदलली, उशी बदलली, माणसं तीच. क्लीनर ठेवणं तुम्ही केव्हाच सोडलं होतं. कुणी म्हटलं, एखादा माणूस ठेवा हाताखाली, की तुम्ही म्हणायचात, "ही आहे ना." त्या तीन शब्दांवर मी किती वर्षं खूश होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डोक्यावर बसला असतात.

आता आपलं भांडण.

गेल्या दिवाळीपासून पेडल बिघडलं. तुम्ही खालच्या सिलिंडरचं रबर बदललंत, आपण एअर काढली, गाडी चालली. पुन्हा पेडल बसलं. पुन्हा खालचंच रबर. तेव्हापासून मी सांगत होते, की दोष वरच्या सिलिंडरमध्ये आहे. कारण साधं होतं. तुम्ही खालून "धर" म्हणायचात, मी जोर लावून धरायचे, आणि पेडल माझ्या पायाखालून सावकाश उतरत जायचं. खाली तर तेलाचा थेंब सांडत नव्हता. म्हणजे वरच्या पंपाचं रबर आतल्या आत झिजलंय, तेल पुढे न जाता मागेच फिरतंय. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं ज्या पेडलवर पाय आहे त्याचं बदललेलं वागणं पायाला कळणारच.

तुम्ही काय म्हणालात? "तुझा पाय थकला असंल."

मी म्हटलं, पाय नाही थकला, तुमचा पंप थकलाय.

"वर बसून तुला लय कळतं. खालून काय दिसतं ते मला दिसतंय ना."

ह्या वाक्यावर आपला संसार अडला. जेवताना, भाजी निवडताना, पूनमच्या घरी जाताना, सगळीकडे वरचा की खालचा. पूनमने तर हात जोडले होते. मला वरचा सिलिंडर बदलून हवा होता हे खरं, पण त्याहून जास्त हवं होतं ते वेगळंच. इतकी वर्षं पायाने सांगितलेलं तुम्ही एकदा तरी खरं मानावं, एवढंच. ते तुमच्या तोंडून निघेना.

मग मी पूनमकडे सिन्नरला गेले, तिच्या नणंदेच्या डोहाळजेवणाला. संध्याकाळी परत आले तर तुम्ही ओट्यावर बसलेले, अंगातला शर्ट पाठीवर मातीने आणि तेलाने माखलेला. मी विचारलं, हे काय? म्हणालात, "टायर बघत होतो." टायर बघताना पाठीला माती लागत नाही हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. मी मनाशी म्हटलं, आज मी घरात नाही असं बघून परत खालचंच उघडलं ह्यांनी. राग आला. शर्ट भिजत घातला. तुम्हाला धाप लागलेली दिसत होती. तीही मी रागातच पाहिली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नांदगावला माल सोडायला गेलात. परतताना चांदवडच्या पुढे हायवेवरून तुमचा फोन आला. मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. "पेडल पार खाली बसलं," म्हणालात, "यायला उशीर होईल." आणि मी, कसे आहात, काय झालं, काही न विचारता म्हटलं, "परत खालचंच उघडलं असणार तुम्ही. किती दिवस सांगतेय, वरचा बदला, वरचा बदला."

तुम्ही गप्प झालात. तुम्ही गप्प होणारे नव्हतात. उलटून बोलाल म्हणून मी वाट बघत राहिले. हॉर्न वाजत राहिले. मग म्हणालात, "ठेव आता. गाडी रस्त्यात आहे."

क्लचशिवाय गाडी कशी आणतात ते मी तुमच्याकडून ऐकलेलं आहे. पहिल्या गिअरमध्ये टाकून स्टार्टर मारायचा, गाडी हिसका देऊन निघते. पुढचे गिअर इंजिनाच्या आवाजावरून, अंदाजाने पाडायचे. मोकळ्या रस्त्यावर जमतं. पण नाशकात शिरल्यावर द्वारका चौकात, त्या गर्दीत, पुन्हा पुन्हा बंद करून पुन्हा हिसका देत तुम्ही कसे निघालात असाल, हे आता डोळ्यांसमोर येतं तेव्हा मी उठून कामाला लागते. घरी आलात तेव्हा चेहरा पांढराफटक होता. डावा हात चोळत होतात. म्हणालात, स्टिअरिंगने भरून आलाय. पाणी प्यालात, जेवलात थोडं, झोपलात. मी मोरीत भांडी आपटली. त्या घरात आपण दोघं असताना बोलणं झालं नाही ते त्याच एका रात्री. सकाळी दूध उतू जायच्या आत मी हाक मारली, आणि तुम्ही उठला नाहीत.

डॉक्टर म्हणाले, हृदय बऱ्याच दिवसांपासून कुरकुरत असणार, हात दुखणं त्याचंच होतं. तुम्ही ते माझ्यापासून लपवलंत की तुम्हालाही कळलं नव्हतं, हे आता कुणाला विचारू? ह्याबद्दल मी तुमच्यावर रागावले आहे आणि हा राग जाणार नाही. येणारे-जाणारे म्हणतात, मन शांत ठेवा. कशाला ठेवू? राग आहे तोवर तुमच्याशी बोलायला काहीतरी आहे.

तेरावं झालं तशी विलास भाऊजींनी गाडीची गोष्ट काढली. तुमच्यामागे तेच कर्ते, आणि बिचारे रोज ऑफिस सुटलं की घरी येऊन बसत होते. म्हणाले, "वहिनी, ही गाडी दारात नको. हिनेच खाल्लं दादाला. रविवारी भंगारवाला येतोय, तोडून नेऊ द्या." मी विचारलं, पेडल का बसलं ते कुणी पाहिलं का? म्हणाले, "कॅम्पातल्या मिस्त्रीला फोन केला होता. तो म्हणतो, जुनी गाडी, क्लचची प्लेट गेली असंल, गिअरबॉक्स उतरवावा लागंल. आता कोण उतरवतं?"

मी म्हटलं, तोडायची तर तोडा. पण आधी मला कळलं पाहिजे.

भाऊजींना वाटलं, माझं डोकं फिरलंय. त्यांना काय सांगणार, की नवरा-बायकोचं शेवटचं बोलणं एका सिलिंडरवर अडकलंय. मी बरोबर होते, तर मी तुम्हाला भर रस्त्यात बरोबर तेच ऐकवलं आणि ते ऐकत तुम्ही द्वारकेपर्यंत आलात. मी चूक होते, तर निदान तुम्ही मनात म्हणाला असाल, बोलू दे, हिला काय कळतंय. खरं सांगते, मला ह्या खेपेला हरायचं होतं. खालचा सिलिंडर फुटलेला निघू दे, म्हणून मी देवापुढे दिवा लावला. हरण्यासाठी, आयुष्यात पहिल्यांदा.

रविवारी सकाळी भंगारवाल्याला थोडं उशिरा यायला सांगितलं आणि भाऊजींना घेऊन दारातल्या गाडीपाशी गेले. गाडीच्या पुढच्या लिंबू-मिरच्या वाळून काळ्या पडल्या होत्या. आधी तेलाची डबी उघडली. काठोकाठ भरलेली. म्हणजे गळती नाही. आणि तेल कसं, तर मधासारखं स्वच्छ. आपलं तेल चहासारखं काळं झालेलं असायचं. मला वाटलं, रबर बदलताना नवं भरलं असेल.

मग भाऊजींना वर बसवलं, पोतं अंथरलं आणि मी गाडीखाली शिरले. साडी खोचून, पाठीवर. तुमच्या जागेवर मी कधी पडले नव्हते. अहो, तिथून वरचं माणूस दिसतच नाही. नुसतं लोखंड दिसतं, आणि कडेने उजेडाची एक पट्टी. वरच्याने दाबलं की नाही, धरलंय की सोडलं, काही कळायला मार्ग नाही. म्हणून तुम्ही एवढ्या मोठ्याने ओरडायचात. एवढी साधी गोष्ट मला वर बसून कळली नव्हती.

"भाऊजी, दाबा," मी ओरडले.

"दाबलं, वहिनी."

खालचा दांडा जेमतेम नखभर हलला. म्हणजे प्लेटपर्यंत जोर पोचतच नव्हता, तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. मिस्त्रीचं म्हणणं तिथेच निकालात निघालं. खालच्या सिलिंडरचं रबरी टोपण मागे सरकवून बोट घातलं. कोरडं ठणठणीत. तो बिचारा धडधाकट होता.

हरले नव्हते. देवाने दिवा वाया घालवला.

बाहेर आले, भाऊजींना उतरवलं आणि केबिनमध्ये वाकून पेडलच्या वर हात घातला. वरचा सिलिंडर बाहेरूनही गळत असेल तर तिथे ओल लागते. ओल नव्हती. पण हाताला काहीतरी निराळंच लागलं. जुना सिलिंडर तेलाच्या मळाने चिकट, खरबरीत झालेला होता. हा गुळगुळीत. भाऊजींच्या मोबाईलची बॅटरी लावून पाहिलं. कोरा करकरीत सिलिंडर, रंगसुद्धा उडाला नव्हता. नट चकाकत होते.

तुम्ही वरचा बदलला होतात. मी सिन्नरला असताना.

मग त्या सीटखाली माझं लक्ष गेलं. तिथे माझ्या काठीचा तुकडा पडलेला होता. वरच्या दोरीवर कपडे वाळत घालायची माझी काठी, सिन्नरहून आल्यापासून ती दोरीला पुरेनाशी झाली होती आणि मी शेजारच्यांवर आळ घेऊन मोकळी झाले होते. एका टोकाला करवतीची ताजी खूण. दुसऱ्या टोकाला तुम्ही चिंधी गुंडाळलेली. पेडलवर टेकवून, सीटच्या कडेला अडकवून पाहिलं. नेमकी बसली.

मग सगळं कळलं. सिलिंडर नवा बसवला की एअर काढावीच लागते आणि वर पाय लागतो. मला हाक मारायची, तर मला दिसणार की वरचा बदलला. म्हणजे हार कबूल. म्हणून माझ्या पायाच्या जागी तुम्ही काठी लावलीत. वर चढायचं, पेडल दाबून काठी अडकवायची, उतरायचं, गाडीखाली शिरायचं, स्क्रू ढिला, स्क्रू घट्ट, बाहेर यायचं, पुन्हा वर चढायचं. ती छाती घेऊन. दुपारच्या उन्हात किती वेळा चढ-उतर केली असेल तुम्ही? आणि एवढं करून एअर राहिलीच. काठीला कळत नाही कधी किती जोर लावायचा. थोडी एअर गाडी गार असताना खपून जाते. नांदगाव करून परत येताना गाडी तापली, तेल तापलं, हवा फुगून नळीत जमली ती जमलीच, आणि पेडल बसलं.

माझं निदान बरोबर होतं. तुमचं काम बरोबर होतं. फक्त मला सांगायचं नव्हतं तुम्हाला.

फोनवर मी म्हटलं "खालचंच उघडलं असणार", तेव्हा तुमच्याकडे उत्तर होतं. वरचाच बदललाय गं, तुझं ऐकून. एवढं म्हणायचं होतंत, मी तिथल्या तिथे गप्प झाले असते. कदाचित तुम्ही घरी येऊन सांगणार होतात. कदाचित सगळं नीट झाल्यावर एक दिवस मला वर बसवून म्हणणार होतात, बघ बरं पेडल कसं आहे. मी असंच धरून चाललेय. पण हे माझं मीच धरलंय, तुमचं त्यात काही नाही.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, बसा जरा. पाणी आणू का?"

मी म्हटलं, पाणी नको, पाना आणा. तुम्ही खाली जा.

त्यांना शिकवावं लागलं. स्क्रूला नळी लावायची, नळीचं टोक तेलाच्या बाटलीत बुडवायचं, मी "दाबलं" म्हटल्यावरच ढिला करायचा, घट्ट केल्याशिवाय "सोडा" म्हणायचं नाही. मी वर चढले. पाठीशी उशी तशीच होती. आणि खालून आवाज आला, "दाबा!"

अहो, तुम्ही दोघं सख्खे भाऊ आहात हे मी विसरले होते. समोर बोलताना आवाज निराळे वाटायचे. लोखंडाआडून आला तेव्हा तोच होता.

मी दाबलं.

"धरा, वहिनी. लय बुडबुडे येतायत. लय एअर हाय हिच्यात!"

मी धरलं. सोडलं. पुन्हा दाबलं. बुडबुडे येतच राहिले, मग कमी झाले, मग थांबले. पेडल वर वर येत गेलं आणि शेवटी पायाखाली दगडासारखं घट्ट उभं राहिलं. जोर लावून धरलं, तरी तसूभर उतरेना. गाडी सुरू केली, गिअर टाकून पाहिला. आवाजसुद्धा न करता पडला. दिवाळीपासून एवढं चांगलं पेडल मी पाहिलं नव्हतं.

भाऊजी कपडे झटकत बाहेर आले. त्यांच्या शर्टाची पाठ मातीने आणि तेलाने माखली होती. मी तिकडे बघितलं आणि मग मला आवरलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी गळा काढून रडले, तुमच्या सीटवर बसून. भंगारवाला टेम्पो घेऊन येऊन उभा होता, तो तसाच परत गेला. भाऊजींनीच त्याला जा म्हणून खूण केली.

गाडी सध्या दारातच आहे. ती कोण चालवणार, पुढे काय, मला माहीत नाही. भाऊजी आता भंगाराचं नाव काढत नाहीत.

काठीचा तुकडा मी आणून मोरीत ठेवलाय. पूनम म्हणाली, दोन्ही तुकडे टाकून दे, नवी काठी घे. घेतली नाही. उरलेली काठी खालच्या दोरीला पुरते. वरच्या दोरीवर तुमचे शर्ट असायचे.